आईचा तिसरा दावेदार

१

एका आईला मुलं किती, हे इन्कम टॅक्सच्या कॉम्प्युटरला विचारू नये. चांगुणाबाईंना दोन मुलगे आणि एक मुलगी. दोन्ही मुलांनी आपापल्या रिटर्नमध्ये अपंग आईला सांभाळतो म्हणून करात सूट मागितली होती. एवढ्यावरही भांडण जुंपलं असतं. पण नोटिशीत लिहिलं होतं की, याच दिव्यांग कार्डाचा नंबर आणखी दोन रिटर्नमध्ये वापरला गेला आहे. म्हणजे सगळे मिळून तीन. दोन तर मुलगे झाले, मग तिसरा कोण?

मी अरुंधती सेलूकर. भोकरदनला लोकांची रिटर्न भरून देते. निम्मे गिऱ्हाईक पिंपळगाव रेणुकाईचे मिरचीवाले आणि निम्मे बीजोत्पादन करणारे शेतकरी. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. गोड बोलणाऱ्याकडे जायचं तर जालन्याला पुष्कळ आहेत.

त्या दिवशी थोरला मुलगा रामकिसन माझ्यासमोर घाम पुसत बसला होता. संभाजीनगरच्या शाळेत मास्तर आहे, शब्द मोजून मापून बोलतो. त्याचं रिटर्न जुलैत मीच भरलं होतं.

"मॅडम, सुमितनंही सूट मागितली, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. सुमित म्हणजे धाकटा, जालन्याला एका कारखान्याच्या ऑफिसात असतो. "त्याचं मी बघून घेईन. पण हा तिसरा माणूस आमच्या आईचा नंबर वापरतोच कसा?"

"आधी मला परत एकदा सांगा, तुम्ही काय म्हणून सूट मागितली?"

"आईला सांभाळायला घरी बाई ठेवलीय ना. वंदना. तिचा पगार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, जुलैत सांगितलं होतं तेच परत सांगते. घरी ठेवलेल्या बाईच्या पगाराला कायद्यात वेगळी सूट नाही. आई अपंग असेल, तुमच्यावर अवलंबून असेल, आणि तिच्या औषधपाण्यावर, शुश्रूषेवर तुम्ही खर्च करत असाल, तर एक ठरलेली सूट मिळते. तीही जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला. 'अवलंबून' या शब्दावर सगळं उभं आहे."

"आहेच अवलंबून! टेम्पो उलटला तेव्हापासून कमरेखाली अंग गेलंय तिचं. दोन वर्षं झाली, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही."

"टेम्पोतून कुठं चालल्या होत्या?"

मास्तरांनी मान खाली घातली. "रोजानं. कुणाच्या तरी शेतावर. आम्ही किती वेळा नको म्हणालो होतो. जाऊ द्या ना ते."

मी कार्ड मागितलं. नोटिशीला उत्तर द्यायचं तर ते जोडावं लागणार होतं. रामकिसनचा आवाज एकदम खाली आला.

"तेच तर सांगायला आलो. काल कपाट पालथं घातलं. कार्ड गायब आहे."

२

संशयित त्यानंच मोजून दिले, हजेरी घ्यावी तसे.

पहिली वंदना. हसनाबादची, नवऱ्याला सोडून आलेली, घरात रात्रंदिवस वावरणारी. दुसरा मच्छिंद्र. बसस्टँडमागं त्याचं ऑनलाइन सेंटर, आईचं कार्ड त्यानंच काढून दिलं होतं. तिसरी बहीण संध्या. ती नाशिकला नोकरी करते आणि जमिनीच्या वाटणीवरून भावांशी बोलत नाही.

"आणि आईला विचारलंत का, कार्ड कुठंय म्हणून?"

"तिला काय कळतंय त्यातलं? उगाच जिवाला घोर."

"वंदनाला?"

"विचारलं. 'मावशीला विचारा' म्हणाली. उडवाउडवी करते. मॅडम, आम्ही ठरवलंय. विजयादशमीला दोघं भाऊ येतोय. आईला मी संभाजीनगरला घेऊन जातो. माझ्या घरात राहिली म्हणजे माझ्यावर अवलंबून आहे हे सिद्ध झालं. सुमितला सूट मागं घ्यायला लावतो. वंदनाला पोलिसात देतो. घराला कुलूप."

"आईला यायचंय का तुमच्याकडं?"

"तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. लिफ्ट नाही, पण बाकी सगळी सोय आहे."

मी विचारलं काय आणि हा बोलतो काय! तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, कमरेखाली अंग गेलेली बाई. एकदा वर नेली की खाली कधी येणार? सोय कुणाची ते मला समजलं. एका नोटिशीपायी एका बाईचं घर जाणार होतं आणि दुसरीच्या कपाळी चोरीचा शिक्का बसणार होता. आणि त्या कागदांवर सल्लागार म्हणून नाव माझं. असलं काम माझ्या हातून होणार नाही, हे मी तिथंच ठरवलं.

"सर, दसऱ्याला चार दिवस आहेत," मी म्हणाले. "तोवर पोलिसात जायचं नाही. तिसरा माणूस मी शोधते."

"तुम्ही?"

"का? चोर शोधायला मिशाच लागतात का?"

तो उठला, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वंदना आठवड्याची सुट्टी कधी घेते हो?"

"रविवारी असेल," तो दारातून म्हणाला.

सुमितला मी फोन लावला. त्यानंही शपथेवर सांगितलं की वंदनाचा पगार तोच देतो, दादा नुसत्या गप्पा मारतो. मी तोच प्रश्न विचारला.

"सुट्टी?" सुमित म्हणाला. "ती घेतच नाही सुट्टी."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत मागं रेलले. माझ्याकडं धुण्याभांड्याला बाई येते. तिची सुट्टी कोणत्या वारी असते हे मला झोपेतही सांगता येईल, कारण त्या दिवशी मीच भांडी घासते. पगार देणाऱ्याला सुट्टीचा वार माहीत नाही, असं कधी ऐकलंय? दोघंही ठार खोटं बोलत होते. मग वंदनाला पगार देत होतं तरी कोण?

३

संध्याचा नंबर मिळवला. तिनं पहिल्याच वाक्याला मला झापलं.

"भावांनी लावलं ना तुम्हाला माझ्यामागं? मी आईच्या नावावर एक रुपयाची सूट घेतलेली नाही. मी नव्या पद्धतीनं कर भरते, त्यात असलं काही मिळतच नाही. आमच्या ऑफिसला विचारा हवं तर."

"आईशी बोलणं होतं का?"

"रोज. पण दुपारनंतर."

"दुपारनंतर का?"

"तिला सकाळी काम असतं," संध्या म्हणाली आणि फोन कट झाला.

अंथरुणाला खिळलेल्या बाईला सकाळी कसलं काम? जप करत असेल म्हणावं, तर चांगुणाबाईंच्या घरात देव नाहीत. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. माझ्या मनात किडा वळवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्रच्या सेंटरमध्ये गर्दी होती. पीकविम्यासाठी लोक रांगेत, आणि हा गडी तोंडात गुटखा धरून दोन बोटांनी टाईप करत होता. मी त्याला बाजूला घेतलं. काही सेंटरवाले लोकांच्या नावानं खोट्या सवलती दाखवून रिफंड काढतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मी तोंडावरच विचारलं.

"मॅडम, तुम्ही मला चोर समजून राह्यल्या का?" तो भडकला. गुटखा थुंकून आला आणि मग शांतपणे म्हणाला, "बराबर हाय, विचारलं पाहिजे तुम्ही. पण डोकं लावा. मला खोटंच करायचं असतं तर नंबर लागणारी सूट कशाला धरली असती? नंबर टाकला म्हंजे आपलं घर दाखवल्यासारखंच की. आन् तुमच्यापेक्षा जास्त कायदा मला न्हाई येत, पण एवढं येतं. ही सूट कुणाला भेटती? नवरा, बायको, लेकरं, आईबाप, भाऊबहीण. परक्यानं मागितली तर त्याला लिहावं लागतं की ही माझी माय हाय. एवढी हिंमत कुणाची?"

खरं होतं. परका माणूस बाद. चांगुणाबाईंचा नवरा वारलेला, भाऊबहीण कुणी हयात नाही. मुलगी घेत नाही. दोन मुलं मोजून झाली.

"मग वंदना इथं आली होती का?"

"आता एका गिऱ्हाईकाचं दुसऱ्याला कसं सांगू? चांगुणामावशी परवा आल्त्या तवा बी मी त्यांना हेच..." तो मध्येच थांबला. जीभ चावली.

"कोण आल्त्या?"

"वंदना. वंदना आल्ती म्हणतो मी." तो घाईघाईनं कॉम्प्युटरकडं वळला. "चला, पुढचा नंबर! जल्दी करा, लाईट जाईल."

अंथरुणाला खिळलेल्या चांगुणाबाई कुठून येणार? म्हणजे वंदनाच या दुकानात आली होती, आणि आली होती ते लपवण्यासारखं होतं. रामकिसन म्हणत होता तेच खरं की काय? मला ते मुळीच नको होतं. पण मला काय हवंय यावर तपास चालत नाही. मी चपला सरकवल्या आणि थेट चांगुणाबाईंच्या घराकडं निघाले.

४

सकाळचे दहा वाजले असतील. चांगुणाबाईंच्या दाराला कुलूप होतं.

दोन वर्षं उंबऱ्याबाहेर न पडलेली बाई, आणि दाराला बाहेरून कुलूप! आत कोंडून तर ठेवली नाही? मी खिडकीतून डोकावले. पलंगावरची चादर नीट घडी घातलेली. चाकाची खुर्ची नाही.

शेजारच्या केशरबाई लसूण सोलत ओट्यावर बसल्या होत्या. "दवाखान्यात गेल्या असतील," त्या म्हणाल्या, माझ्याकडं न बघता.

"रोज दवाखान्यात?"

"आता म्हातारपण म्हणल्यावर..." आणि त्यांनी लसणाची सुपली घेऊन आत पळ काढला. सगळी गल्ली कटात सामील आहे, असं मला वाटायला लागलं.

मी ओट्यावर बैठक मारली. म्हटलं, बघू कोण आधी थकतं. दुपारच्या सुमाराला एक रिक्षा आली. आधी वंदना उतरली, तिशीतली, काटक, पदर खोचलेला. तिनं मागून घडीची खुर्ची काढली, मग रिक्षावाला आणि तिनं मिळून चांगुणाबाईंना अलगद उचलून खुर्चीत बसवलं. इतकं सवयीनं की बाईंच्या साडीची निरीसुद्धा हलली नाही.

"कोण, टॅक्सवाल्या बाई का?" चांगुणाबाई माझ्याकडं बघून हसल्या. सत्तरीच्या आसपासचं वय, उन्हानं रापलेला चेहरा. "आमच्या रामानं धाडलं वाटतं. या, चहा घ्या. वंदे, साखर जास्त टाक, बाई रागात दिसून राह्यल्या."

माझी नजर खुर्चीच्या चाकांवर गेली. चाकांना काळी माती चिकटलेली होती, ओली. भोकरदनच्या या गल्लीत सिमेंट आहे आणि दवाखान्याच्या रस्त्याला डांबर.

"दवाखान्यात गेला होतात?" मी विचारलं.

"हां. डॉक्टरनं लई वेळ बशिवलं."

"डॉक्टर शेतात बसतात का हल्ली?"

वंदनाच्या हातातली किल्ली खाली पडली. चांगुणाबाई मात्र बिलकुल डगमगल्या नाहीत. "तुमच्या डोळ्यात लई तेल हाय बाई," एवढंच म्हणाल्या.

आत गेल्यावर चहा आला. मी वंदनाला सरळ विचारलं, "सुट्टी कधी असते तुझी?"

"गुरुवारी. मावशीनंच ठरवून दिली," ती म्हणाली. "त्या दिवशी केशरकाकू बघत्यात."

"पगार कोण देतं?"

तिनं चांगुणाबाईंकडं पाहिलं. "येतो. येळेवर येतो."

"कार्ड कुठंय?"

"मी चोर न्हाई," वंदना एकदम ताठ झाली. "दादांनी कपाट उचकलं तवा माझी पेटी बी उचकली. माझी लुगडी बाहेर काढून टाकली. मी काही बोलले न्हाई, कारण मावशीच्या घरात मला तमाशा करायचा न्हाई. पण तुम्ही बी तेच इचारायला आल्या असल तर चहा पिऊन जावा."

मला ती आवडली. चहाचा कप घेताना चांगुणाबाईंचा हात माझ्या हाताला लागला आणि मी त्यांच्या बोटांकडं बघितलं. वंदनानं नखं काळजीनं कापली होती, अगदी कडेपर्यंत. फक्त दोन्ही अंगठ्यांची तेवढी वाढवून ठेवलेली, टोकाला घासून धारदार केलेली. आणि पदराच्या कडेवर पिवळी भुकटी.

कप तसाच धरून मी बसून राहिले. अहो, असली नखं मी शेकडो वेळा पाहिली होती! मला तिसरा दावेदार सापडला होता.

५

विजयादशमीच्या दिवशी सकाळीच जीप येऊन उभी राहिली. बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार, चांगुणाबाई पांढऱ्याशुभ्र साडीत. गल्लीतली माणसं धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला निघायच्या तयारीत. आणि या घरात मात्र रामकिसन कपाटातून आईच्या साड्या काढून बॅगेत कोंबत होता. सुमित मोबाईलवर कुणाला तरी "हो हो, पोलीस स्टेशनला सांगून ठेवलंय" म्हणत होता. वंदना दाराशी उभी, ओठ घट्ट मिटलेले.

"आई, फक्त चार दिवसांसाठी," रामकिसन लहान मुलाला समजवावं तसं बोलत होता. "मग परत आणून सोडतो."

"घराला कुलूप लावून? आन् वंदी कुठं जाणार?"

"तिचं आम्ही बघतो. तुझं कार्ड चोरलंय तिनं. कुणाला तरी विकलंय."

चांगुणाबाईंची मान सर्रकन वर आली. "काय म्हणला तू?" पोराच्या तोंडून चोरीचा आरोप त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. आईला कळू द्यायचं नाही म्हणून पोरांनी जे दाराआड ठेवलं होतं, ते आता बाहेर आलं.

"थांबा सर," मी म्हणाले. "आधी माझं ऐका. मग बॅग भरायची का नाही ते ठरवा."

"मॅडम, तुम्ही माझ्या सल्लागार आहात. माझ्या बाजूनं बोला."

"बाजूनंच बोलते. खोट्या रिटर्नबद्दल दंड कसा वाचवायचा हेच सांगायला आलेय."

मी पलंगावर बसले. "तुम्ही तिसरा दावेदार शोधत होतात. ही सूट घरच्याच माणसाला मिळते, त्यामुळं परका बाद. संध्याताई बाद, त्या नव्या पद्धतीत आहेत. वंदना नात्यातली नाही. तुम्ही दोघं मोजून झालात. मग घरात उरलं कोण? तुम्ही घरातली सगळी माणसं मोजली, फक्त जिच्या नावाचं कार्ड आहे तिला मोजलंच नाही."

सुमितनं मोबाईल खाली घेतला.

"अपंग माणसाला सांभाळणाऱ्याला सूट आहे, तशी अपंग माणसाला स्वतःलाही आहे. कलम वेगळं, कार्डाचा नंबर तोच. पण त्यासाठी त्या माणसाला स्वतःची कमाई लागते आणि स्वतः रिटर्न भरावं लागतं. तुमच्या डोक्यात ते येणारच नव्हतं, कारण आईला काय कळतंय, हे तुमचं ठरलेलं होतं."

"कमाई?" रामकिसन हसला, पण ते हसू तोंडावरच राहिलं. "ती तर उठू शकत नाही."

"उठायला कशाला लागतंय? हात आहेत ना. सर, त्यांच्या अंगठ्यांची नखं बघा."

दोघांनी वाकून बघितलं. आपल्या आईचा हात त्यांनी इतक्या जवळून शेवटी कधी पाहिला होता कुणास ठाऊक.

"कपाशीचं बियाणं तयार करायचं असलं की उमलायच्या आदल्या दिवशी कळी अंगठ्याच्या नखानं सोलावी लागते. आतला नर भाग काढायचा आणि मधल्या दांडीला जरासाही धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल त्यावर टेकवायचं. याला क्रॉसिंग म्हणतात. चुकलं की सगळं बियाणं भेसळ. टेम्पो उलटला तेव्हा तुमची आई याच कामाला चालली होती. आणि आजही जाते. चाकांना काळी माती आहे, पदराला परागाची भुकटी आहे, सकाळी घराला कुलूप आहे, आणि सकाळी काम असतं हे तुमच्या बहिणीलाही ठाऊक आहे. आता राहिला वंदनाचा पगार. तिची सुट्टी गुरुवारी असते हे पगार देणाऱ्याला माहीत असणार. तुम्ही रविवार म्हणालात. सुमित म्हणाले, सुट्टीच नाही. गुरुवार कुणाला माहीत आहे?"

"मला," चांगुणाबाई म्हणाल्या.

६

खुर्चीला मागं अडकवलेल्या पिशवीत त्यांनी हात घातला आणि कार्ड काढून रामकिसनच्या पुढ्यात टाकलं.

"माझं कार्ड, माझ्या पिशवीत. चोरी कसली रे? कपाट उचकण्यापरीस मला इचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का?"

"आई, तू रोजानं..." सुमित कार्ड उचलत म्हणाला.

"रोजानं न्हाई. कंपनीचा साहेब घरी आल्ता. म्हणला, नव्या पोरी कळ्या मोडून राह्यल्या, तुम्ही येऊन शिकवा, प्लॉट पास-नापास बी तुम्हीच करा. मी खुर्चीत बसून दोन तासांत वळीच्या वळी बघते. साहेब माझ्या शब्दाबाहेर जात न्हाई. ते पैसे देताना टॅक्स कापून देत्यात. मच्छिंद्र म्हणला, मावशी, रिटर्न भरलं तर कापलेलं परत येतं. मंग मी का सोडू? माझ्या नखाची कमाई हाय ती. रिक्षातच बसून राह्यले आन् त्यो बाहेर येऊन समदं विचारून लिहून गेला."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काय म्हणला व्हता? मास्तरची आई रोजानं जाती, लोक काय म्हणतील. हातपाय धड व्हते तवा म्हणला. मंग पाय गेले तवा तुम्हाला बरं वाटलं, आता घरात बसल." त्या रामकिसनकडून सुमितकडं वळल्या. "मला पोटच्या पोरांचा राग येत व्हता, पण सांगायची लाज वाटत व्हती. नोटीस माझ्या मोबाईलवर बी आलीय. मी गप बसले. म्हणलं, बघू तर, कोणतं लेकरू येऊन खरं सांगतं. एक बी न्हाई आलं. तुमचं खोटं मी पोटात घातलं असतं. पण या पोरीची पेटी तुम्ही उचकली! माझं हागणंमुतणं ही काढती, मला उन्हात नेती, आणती. तिचा पगार मी देते, आन् चोर म्हणता तुम्ही तिला?"

वंदना भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती.

सुमित आधी उठला. वंदनासमोर जाऊन उभा राहिला. "चुकलं," म्हणाला, आणि पोलीस स्टेशनमधल्या त्या माणसाला फोन करून काही तक्रार नाही म्हणून सांगितलं. रामकिसन मात्र अजून बॅगेची चेन धरून बसला होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "यातून काही मार्ग... म्हणजे आई रिटर्न मागं घेईल, तर माझी सूट..."

"अहो सर!" माझा पारा चढलाच. "अजून तेच? त्या स्वतः कमावतात, स्वतःच्या शुश्रूषेचा खर्च स्वतः करतात. तुमच्यावर अवलंबून नाहीत. सुधारित रिटर्न भरायचं, सूट काढायची, होईल तो टॅक्स व्याजासकट भरायचा. दोघांनी. आणि नोटिशीला लेखी उत्तर द्यायचं."

"काय लिहायचं उत्तरात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चांगुणाबाईंनी हात वर केला. "ते मी सांगते. वंदे, कागद आन् पेन दे. दोघांना बी." कागद आले. "लिहा. मराठीत लिहिलं तर चालतं न्हवं, बाई?"

"चालतं."

"मंग लिहा. आई माझ्यावर अवलंबून न्हाई."

सुमितनं लिहिलं. रामकिसनचं पेन कागदावर टेकून तसंच राहिलं. त्याच्या मानेवर घामाचे थेंब उभे राहिले होते. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. चांगुणाबाईंनी वंदनाला सांगितलं की त्याला परत जायला सांग, इथून कुणी येत नाही. जीप गेल्याचा आवाज आला तसं रामकिसननं लिहायला घेतलं.

"झालं?"

"हो."

"वाच."

"आई माझ्यावर अवलंबून नाही," रामकिसन पुटपुटला.

"मास्तर हायेस ना रे तू? वर्गात असंच शिकवतो का? मला ऐकू न्हाई आलं."

तो उठून उभा राहिला. कागद दोन्ही हातांत धरला आणि इतक्या मोठ्यानं वाचला की पलीकडच्या ओट्यावरून केशरबाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हां," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता सही कर."